अर्धं

फेरीबोट अडकली होती पलीकडे, विर्त्सूच्या बर्फात.
कुइवास्तूच्या धक्क्यावर माझं कँटीन:
चार टेबलं, एक हीटर, काळा पाव, धुरावलेला मासा,
आणि वाट बघून कंटाळलेली माणसं.

उर्वेने माझ्या कपांखालचे तीन पुठ्ठे उचलले.
एकाला दोन्हीकडून फासला होडीच्या तळाचा लाल रंग,
एक दोन्हीकडून पांढराच ठेवला,
तिसरा इकडून लाल, तिकडून कोरा.
हीटरवर वाळवले, टोपीत घातले, घुसळले,
न बघता एक काढून टेबलावर ठेवला.
वर लाल.
"खालीही लाल निघेल, याची शक्यता किती?"

हेल्दुर म्हणाला, अर्धी.
ट्रकवाला राइवो म्हणाला, अर्धीच, हे काय विचारणं झालं!
दोन्हीकडून पांढरा तो बाद. उरले दोन.
दोनातला एक.
मीही तेच म्हणाले असते, पण हातात उकळती किटली होती.

"तीनात दोन," उर्वे म्हणाली,
आणि वादाला तोंड फुटलं.

राइवोने मूठ आपटली, मीठदाणी कलंडली.
कुणीतरी शाळा काढली, कुणीतरी सरकार.
आयुष्यभर औषधांचे थेंब मोजलेली उर्वे
आवाज न चढवता बोलत राहिली:
तुम्ही पुठ्ठे मोजताय, मी तोंडं मोजतेय.
लाल तोंडं तीन.
त्यातल्या दोघांची पाठही लाल.
तुम्हाला अजून पुठ्ठा भेटलेलाच नाही,
तोंडओळख झालीय फक्त.

भांडण गणिताचं नव्हतं, असं मला तेव्हाच वाटलं.
बाप गेला की होडी अर्धी, जाळी अर्धी;
कोण खरं बोलतंय कळलं नाही की दोष अर्धा;
काहीच माहीत नसलं
की आम्ही अर्ध्यावर पाय रोवून उभे राहतो,
जणू माहीत नसणं हाच एक न्याय.
आणि कुणी म्हणालं, पारडं झुकलंय,
तर वाटतं, यानेच अंगठा टेकवलाय.

मग पिठाच्या पिशवीवर रेघा.
लाल वर आला की उलटायचा, मांडायचं.
साठ वेळा लाल आला वर.
एकेचाळीस वेळा खालीही लाल.
राइवो म्हणाला, नशीब.
मग म्हणाला, टोपी लबाड आहे.
मग गप्प बसून पावाचे तुकडे करत राहिला,
सगळे सारखे.

हेल्दुर मात्र हटेना.
"अर्धी," तो म्हणाला. "अर्धी असलीच पाहिजे."
त्याच्या पायाशी पिशवी होती, पिशवीत धुरावलेला मासा,
भावासाठी. अकरा वर्षं बोलणं नाही.
परवा फोन केला होता त्याने.
भावाने आवाज ओळखला, आणि ठेवून दिला.

उर्वेची पेन्सिल थांबली.
कितीतरी वेळ ती नुसती रेघांकडे बघत होती,
जणू त्या दुसऱ्याच कुणी ओढल्या होत्या.
"माणसाला दोनच बाजू नसतात, हेल्दुर," ती म्हणाली.
त्याला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे,
कारण तेवढ्यात भोंगा झाला
आणि सगळी खुर्च्या सरकवत उठली.

संध्याकाळी टेबल पुसताना पुठ्ठे दोनच सापडले.
एकाचं तोंड वर पांढरं, एकाचं लाल.
तिसरा त्याने नेला असणार.
बघून नेला की न बघता,
हे या दोघांना उलटून पाहिलं तरी कळणार नव्हतं.
कुठला नेला, तेवढं मात्र कळलं असतं.

मी उलटले नाहीत.
लालवर माझा कप ठेवला,
पांढऱ्यावर उर्वेचा, उद्यासाठी.