मोरी

गावाचं नाव मोरी.
फुई हसून हसून ठसकली,
चिकाचं पातेलं कलंडता कलंडता राहिलं.
"मोरीतून आनली काय रे बाटली?
अन् देवाच्या खोलीजवळ ठेवतो?"

ठिबकच्या नळ्या जोडायला गेलो होतो फ्रान्सात,
सात आठवडे.
काळ्या पाटीच्या दगडाचे उतार,
कमरेलाही न पोचणाऱ्या म्हाताऱ्या वेली,
आणि वारा असा की टोपी पुढच्या गावात सापडावी.
तळघरवाल्या सोलांजबाईंनी निघताना ही लाल बाटली दिली.
हाताने जास्त, तोंडाने कमी, असं सांगितलं:
कडू चॉकलेटबरोबर घे,
निळ्या बुरशीच्या चीजबरोबर,
नाहीतर अंजीर घालून भाजलेल्या बदकाबरोबर.

सावद्यात एप्रिल. पारा चव्वेचाळीस.
बदक कुठून आणू?
चॉकलेट आणलं स्टँडावरच्या दुकानातून,
घरी येईतो त्याचं सरबत.
आणि बुरशी म्हणाल, तर फुईच्या घरात
लोणच्यालाही धरायची तिची हिंमत नाही.

मग जे होतं त्यावर भागवलं.
शेवभाजीच्या रश्श्याने
तिला तोंडच उघडू दिलं नाही.
मांड्याशी जमेना:
दोन सुगरणी, एक चूल.
भरताचा धूर तिला आवडला असता,
पण हे उन्हाळी वांगं, बियांनी गच्च,
पळाट्यांच्या जाळावर नाही, गॅसवर भाजलेलं.
त्याची साक्ष धरू नये.

गच्चीवर फुई बिबड्या घालत होती.
ज्वारीचा चीक, तीळ, लसूण, मिरची,
जुन्या लुगड्यावर ओळीने.
मी सावलीत बसून सांगत होतो,
तिकडेही असंच, फुई,
काचेच्या मोठाल्या बरण्यांत भरून
ठेवून देतात उघड्यावर,
ऊन खात पडते वर्षभर.
"माकडं?"
माकडं नाहीत तिथे.
"मंग कशाचं कौतिक."

साखर किती घालतात, तिने विचारलं.
घालत नाहीत. द्राक्षाचीच असते.
ती दारू व्हायला निघते,
तिला निम्म्या वाटेवर अडवतात.
"कशानं?"
दारू ओतून.
पळी हवेतच राहिली.
"दारू होऊ नये म्हनून दारू?"
हो. मग उरलेली साखर तशीच राहते.
कायमची.

यावर ती काही बोलली नाही.
चार बिबड्या घातल्या, पाचवी वेडीवाकडी झाली.

बापूंचं आणि तिचं भांडण मी पाहिलेलं नाही,
ऐकलेलं आहे.
बांधावरची केळीची एक ओळ कुणाची.
वकील झाले, स्टँपपेपर झाले,
आणि मधेच रावेरच्या चुलतभावाने
दोघांच्याही वाट्यावर दावा ठोकला.
त्या मोठ्या भांडणात हे लहान जे थांबलं
ते आजपर्यंत.
ओळ कुणाची, ते अजून ठरलेलं नाही.
घड मात्र दोन्ही घरी जातो.

कडेची एक बिबडी तिने सोलली,
वरून सुकलेली, आतून ओलसर,
लहानपणी चोरून खायचो तशी.
"घे. हिच्यासंगं पाय."

तीळ, लसणाचा चटका, ज्वारीचा किंचित आंबूस वास,
आणि मागून ती,
वाळलेल्या अंजिरासारखी, जुन्या लाकडासारखी,
कुणालाही न ढकलता
आत येऊन बसलेली.
सोलांजबाई, तुमच्या यादीत एक जागा करा.

"मले पन दे. चमचाभर.
द्राक्षासव घेतेच की मी."
चाटलं. डोळे मिटले.
दुसरा चमचा न विचारता.

मग बूच तळहाताने दाबून बसवलं तिने,
बाटली उन्हाकडे धरून
किती उरली ते पाहिलं,
आणि अर्धओल्या सहा बिबड्या
केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिल्या.
"बापूले दे. सुकायच्या आत.
अन् सांग,
मोरीतून आलंय."