सगळे दिवे लावा

फोटो काढताना सगळे दिवे लावा, अ‍ॅप म्हणालं.
भर दुपारी लावले.
शालन म्हणाली, बिल कोण भरणार, बोरस्ते?

बोरस्तेला आम्ही नको म्हणालो होतो.
त्याचे दोन टक्के म्हणजे शहात्तर हजार,
अ‍ॅपचे चौदाशे नव्व्याण्णव, एकदाच.
तेहतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या, जगाच्या.
एवढा हिशेब मला झोपेतही जमला असता.

मग रकाने.
कार्पेट किती. तोंड कुठल्या दिशेला. लिफ्ट: नाही.
लिफ्ट नाही म्हणूनच विकतोय, असा रकाना नव्हता.
शालनच्या गुडघ्यांनाही नव्हता.
वैशिष्ट्यं लिहा, दीडशे अक्षरांत.
मी लिहिलं: उपनगर नाक्यापासून चालत सात मिनिटं,
पाणी दोन वेळा,
गॅलरीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो.
शेवटचं खोडलं.
समोर टॉवर झाल्याला तेरा वर्षं झाली,
मी अजून तिकडेच बघून चहा पितो.

पहिल्या दिवशी एकवीस फोन.
एकवीसच्या एकवीस एजंट.
काका, पार्टी तयार आहे आपल्याकडे.
एकाने तर माझाच फ्लॅट मला दाखवायची तयारी दाखवली,
वर दोन लाख कमी करून देतो म्हणाला.

बावन्नावा फोन नसीम अत्तारचा.
बिटको हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळी उतरून थेट आली,
सोबत आई.
आईने नळ सोडून पाहिले, एकूण एक,
मोरीपाशी वाकून वास घेतला,
आणि काहीच बोलली नाही.
नसीमने विचारलं, ओल येते का हो?

इथे बोरस्ते हवा होता.
अठ्ठ्याण्णव साली आम्ही हेच विचारलं तेव्हा
खिडकीकडे वळून तो म्हणाला होता,
वहिनी, वारा बघा.
मी खिडकीकडे वळलोसुद्धा.

शालन म्हणाली, येते. ऑगस्टात.
कपाटामागे आहे. सरकवा हो, दाखवा तिला.
चाळीस हजार तिथेच, कपाटाच्या पायाशी, गेले.

रात्री चेअरमन आले, तीन जिने चढून.
आधी पाणी प्यायले. मग म्हणाले,
पार्टी कोण आहे ते कळलं.
बोरस्ते असता तर ही वेळ आली नसती,
तो गाळूनच आणायचा.
तेव्हा उमगलं, त्या दोन टक्क्यांत
काय काय येत होतं,
आणि अठ्ठ्याण्णव साली त्या चाळणीत
आम्हीही हलवले गेलो होतो,
वर राहिलो, एवढंच.
मी म्हणालो, नर्स आहे हो.
तुमच्या छातीचं काय झालं? दाखवलंत कुणाला?
ते जिना उतरेपर्यंत धाप ऐकू येत होती.

मग टोकन, अंगठा, साक्षीदार.
रजिस्ट्रार कचेरीतल्या कॅमेऱ्याने
एकही दिवा न लावता आमचा फोटो काढला.
त्यात शालन पुढच्याच वर्षाची दिसते.
किल्ली देताना तिने नसीमला सांगितलं,
गॅसचा कोंबडा थोडा उलटा फिरतो.
अ‍ॅपने विचारलं, अनुभवाला किती तारे?
मी फोन पालथा ठेवला.

आता आडगावला तळमजल्यावर असतो.
फोन अजून येतात. विकलं, म्हणतो.

परवा बोरस्ते भेटला, द्वारकेच्या सिग्नलजवळ, टपरीवर.
वाटलं टाळेल. त्यानेच दोन चहा सांगितले.
किती फोन आले?
त्रेसष्ट.
त्यात गिऱ्हाईक?
एक.
हसला. म्हणाला, मलाही एवढंच यायचं रे,
बाकीचे बासष्ट मी तुला सांगायचो नाही.

मग बशीतला चहा संपवून, दुसरीकडे बघत,
माझा राहता ब्लॉक काढायचाय. पोरगा पुण्याला नेतोय.
स्वतःचा दाखवायला जीभ उचलत नाही.
ते तुझं काय असतं, कसं टाकायचं?

मी चष्मा पुसला, त्याचा फोन हातात घेतला.
म्हणालो, आधी घरी जा
आणि सगळे दिवे लाव.