तीन पदरी तांबं

खंबाटकीच्या तिसऱ्या वळणावर
कॉन्टेसा पुन्हा उकळली.
दोर बांधून आणली साताऱ्यात,
इलाही मुलाणीच्या शेडमध्ये.

त्यानं दोन रेडिएटर मांडले.
एक ॲल्युमिनियमचा, कोरा, हलका,
टाक्या प्लास्टिकच्या, वर्षाची गॅरंटी.
दुसरा तांब्याचा, तीन पदरी,
जाळीत कुठल्याशा घाटातल्या
फुलपाखराचा पंख.

"त्यो फुटला की फेकायचा.
ह्यो फुटला की माझ्याकडं आणायचा,
डाग देतो."

मी वय विचारलं.
त्याला वाटलं, रेडिएटरचं.
"असंल की तीसेक."
"तुमचं, चाचा."
"एकाहत्तर."

मनात हिशेब मांडला:
गाडी, तांबं, मुलाणी,
आधी कोण थांबेल.

तांब्याचाच घेतला.
घासाघीस केली नाही.

बसवताना त्यानं तो पंख
फुंकर मारून उडवला.
"हवा अडती," म्हणाला.