तीन वेढे

सुदामानगरात आमच्या दोन घरांमधली
भिंत पडली, ती पुन्हा बांधली नाही.
तिथे आता वांगी.

नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, पहाटे.
माझी पाळी असली की आधी दुधीला,
विमलेश भाभींची असली की आधी मोगऱ्याला.
बोलणं त्यावरूनच व्हायचं,
माघात तुटलं तेही त्यावरूनच.

रंगपंचमीच्या गेरीतून परतलेली पोरं
आमच्या पाईपखाली न्हाली.
वाफाभर गुलाबी चिखल.
"अब बैंगन लाल आएँगे,"
भाभी म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.
मी म्हटलं, येऊ देत.

आज दुधीच्या तणाव्यानं
मोगऱ्याची काठी धरलीय.
तीन वेढे, घट्ट.
सोडवायला दोघी उकिडव्या बसलो,
बराच वेळ.
ऊन पाठीवर आलं.
कात्री कुणीच आणली नव्हती.