आकडा

हर्षाली तिबिलिसीत डॉक्टरकी शिकते.
घरमालकिणीचं नाव नाना.
बाईचं नाव नाना!
यावलात आठ दिवस हसलो आम्ही.
आमच्या गल्लीत तीन नाना, तिघांनाही मिशा.

ही नाना सांगते म्हणे,
देश मोडला तेव्हा वीजही मोडली.
लोक दवाखान्याच्या लाइनीवर तारा टाकत.
मी म्हटलं, पोरी, त्याला आकडा म्हणतात.
बत्तीस वर्षं तेच काढतोय मी,
केळीच्या बागांतून, लग्नाच्या मांडवांवरून,
एकदा तर सख्ख्या साडूच्या गिरणीवरून.

मग तिकडे कंपनी आली.
मीटर नेऊन बसवलं खांबावर,
हात पुरू नये इतकं उंच.
स्वतःचा आकडा वाचायला नाना
मेलेल्या नवऱ्याची शिकारीची दुर्बीण काढते.
दिवे आता जात नाहीत, हेही सांगते.
गेले तर फक्त आपले जातात.

इकडेही करार झालाय.
दीपनगरची धुराडी तिथंच, धूर तोच,
खांब माझ्या हातचे.
तार कोणाची, हे विचारायचं तर
एक दाबा, दोन दाबा.
नवी पोरं येतात, गळ्यात ओळखपत्र,
शिडी नसते त्यांच्याजवळ.
लागतच नाही. वीज पुण्यात बसून कापतात.

मी कापायचो तेव्हा चढावं लागे.
कमरेला पट्टा, दातात पक्कड,
आणि खाली केशरबाई:
"मले दोन रोज दे रे सुपडूभाऊ,
मिरच्या इकल्या का भरते."
कधी दिले दोन रोज.
कधी पन्नास घेऊन दिले.
कधी वरूनच कापली, खाली न बघता.
साहेब मीटिंगमध्ये ओरडायचा, गळती! गळती!
त्या गळतीत थोडा मीही होतो.

काल फोनवर नाना स्वतः आली.
पांढरे केस, अंगात दोन स्वेटर.
पलंगाखालून रॉकेलचा स्टोव्ह ओढून दाखवला,
अजून ठेवलाय, पुसून.
मी पक्कड दाखवली.
पुढे काय बोलावं, दोघांनाही सुचेना.

काहीतरी म्हणाली.
हर्षाली म्हणे, विचारतेय,
तुमच्याकडे वीज कापली तर हिवाळ्यात काय करता?
सांग तिला, म्हटलं,
आपल्याकडे हिवाळ्याचं काही नाही.
मे असतो. सत्तेचाळीस.

हर्षालीनं सांगितलं.
नाना मग माझ्याकडे बघेचना,
माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे
बघत बसली.