चौथी

रात्री अकरानंतर बशी बाजूला सारून
डोरकस पेनी पुस्तक उघडते.
वकिलीची प्रवेशपरीक्षा, वय अडतीस.
बोटांना यंदा खेकड्याचा वास नाही.
बाहेर न्यूफाउंडलंडचं धुकं, धुक्यात भोंगा
दर मिनिटाला तोच प्रश्न विचारणारा.

प्रश्न सतरा. बहुतेक वादक डावखुरे.
बहुतेक वादक चष्मा लावतात.
तर?

बहुतेक म्हणजे निम्म्याहून निदान एक जास्त.
(माझ्या भाषेत बहुतेक म्हणजे कदाचितही.
पेपरात ती पळवाट नाही.)
एका चौकोनात ती दोन वर्तुळं कोंबते,
एकमेकांवर चढल्याशिवाय ती मावतच नाहीत.
म्हणजे कुणीतरी डावखुराही आहे, चष्मेवालाही.
नाव कळत नाही. आहे, एवढंच.

पेन्सिल थांबते.

कारखान्यात बायका एक्केचाळीस.
युनियनच्या कार्डांवर सह्या तेवीस,
आकडा तेवढा फुटला, नावं लिफाफ्यात.
कामावर परत बोलावल्या बावीस,
ती यादी मात्र दारावर, ठळक अक्षरांत.
तेवीस आणि बावीस, पंचेचाळीस.
एक्केचाळीस एप्रनांत पंचेचाळीस जणी.
चौघी दोन्हीकडे. निदान चौघी.

पर्ल, नेटा, इमेल्डा यांनी आपणहून सांगितलं होतं.
तिघी मुकादमाच्या गोतावळ्यातल्या,
त्यांचं निराळं, म्हणून तिनं सोडून दिलं.
चौथी कोण?

यादीत सहावं नाव वर्नाचं. नणंद.
ते वाचलं त्याच दिवशी डोरकसनं ठरवलं,
बोलावलं ना, मग हिनं सही केलेली नाही.
तेव्हापासून दुकानात पाव घेताना पाठ,
चर्चमध्ये वेगळा बाक,
वाढदिवसाचा केक दारातूनच परत.

पुस्तक म्हणतं, न बोललेलं वाक्य शोधा.
मग ते उलटं करून बघा.
छप्पर खाली आलं, तर खांब तोच.

न बोललेलं वाक्य:
मुकादमाची नसलेली, सही केलेली बाई
परत बोलावली जात नाही.
ती उलटं करते.
कोसळल्याचा आवाज होत नाही काही,
फ्रिजची घरघर, आणि भोंगा.

चौथी वर्नाच, असं मात्र सिद्ध होत नाही.
उरलेल्या एकोणीस जणींत कुणीही.
समासात ती लिहिते, माहिती अपुरी.
दोन महिने हे का लिहिलं नाही,
हा प्रश्न पुस्तकात नाही.

कोट चढवते. बूट उलटसुलट.
टेकडीवर वर्नाच्या स्वयंपाकघरात
दिवा दिसतोय.
बहुतेक जागी असेल.