शेरा

नावापुढे एक रकाना भरावा लागतो इथे:
नवशिका, मध्यम, सराईत, तज्ज्ञ, जागतिक दर्जा.
सहा वर्षांपूर्वी मी 'मध्यम' भरलं
आणि चहा गाळायला उठले.
खोटं नव्हतं. खरंही नसावं.
बावन्न वर्षं खेळतेय, पानामागे एक वर्ष.

काल रात्री कुरेसारेत उणे सोळा,
शेगडीत जुनिपरच्या काटक्या तडतडत होत्या.
उजव्या हाताला इझमीरची कुणी बाई, 'जागतिक दर्जा',
समोर माझा भिडू, पोती बंदरातला वाख्तांग:
'नवशिका'.
बाईनं तीन बदाम बोलून वाट अडवली,
मी डबल दिला,
आणि हा पठ्ठ्या थेट सहा नोट्रंपवर.
मी पत्ते मांडले. म्हटलं, बुडालो.

किलवर आमच्याकडे नऊ, राणी नाही.
एंडेल असता तर एक्का-राजा धाडधाड आपटून मोकळा झाला असता.
"नऊ असले की राणी पडतेच, हेल्वे."
चाळीस वर्षं ऐकलं.
पुष्कळदा पडायचीही.
नाही पडली की म्हणायचा, नशीब.

वाख्तांग थांबला.
त्याच्या नावाभोवतीची हिरवी कड लुकलुकत राहिली.
इझमीरनं एक प्रश्नचिन्ह टाकलं. मग तीन.
मग त्यानं इस्पिकचे तीन हात ओढले,
बाईनं तिन्हींना इस्पिक दिलं.
चौकटचे तीन ओढले:
तिनं दोनदा दिलं, तिसऱ्याला बदाम फेकला.
सात बदाम तर ती बोलीतच कबूल करून बसली होती.
सात, तीन, दोन.
मलाही जमते ही बेरीज,
पण काल ती माझ्या डोक्यात पोचली
तोवर माझा किलवरचा राजा टेबलावर होता,
मागून माझीच तिर्री,
आणि हातात एक्का असताना त्यानं लावला
गुलाम.

राणी पलीकडे होती. तिला हलायला जागा नव्हती.

"नशीब", एवढं लिहून इझमीर उठून गेली.

कुइवास्तूच्या धक्क्यावर तीस वर्षं मी तिकिटं फाडली.
समुद्र गोठला की बर्फावरून रस्ता निघायचा.
एंडेल नुसता डोळ्यांनी बर्फ ओळखायचा,
"हे केस काही उन्हानं पांढरे नाही झाले" म्हणायचा
(इथे ऊन होतं कुठे म्हणा).
रस्तेखात्याची एक पोरगी यायची, विशीतली,
नाक लाल, हातात गिरमीट,
शंभर पावलांवर एक भोक, पट्टी आत, आकडा वहीत.
आम्ही खिडकीतून हसायचो तिला.
पण बर्फ वय विचारत नाही कुणाला.
एका मार्चमध्ये तिनं रस्ता बंद केला,
एंडेल दोन दिवस धुसफुसला,
तिसऱ्या दिवशी त्याच्या नेहमीच्या वाटेवर
काळं पाणी दिसलं.
त्यावर तो काहीच बोलला नाही.
मीही नाही.

"किती वर्षं खेळतोस?"
"अकरा महिने. गोदीत रात्रपाळी असते, पेट्या मोजतो.
तुम्ही?"
मी लिहिलं, बरीच.

पुढच्या डावात त्यानं एक नोट्रंप उघडला.
मी चार किलवर बोलून एक्के विचारले,
अख्ख्या जगाला ठाऊक असलेला प्रश्न.
त्यानं पास दिला.
माझ्याकडे किलवर एक, त्याच्याकडे तीन,
आणि हुकूम म्हणे किलवर!
पाच हात बुडाले.
मी इतकी हसले की कुत्रं उठून दाराशी गेलं.
"माफ करा," तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला किलवर आवडतात."

झोपण्याआधी माझा रकाना उघडला.
'मध्यम'वर बोट ठेवलं. वर गेले, खाली आले.
तसाच मिटला.

प्रत्येक नावामागे एक खासगी चिठ्ठी लिहिता येते,
ज्याची त्याला दिसत नाही.
एंडेलच्या नावामागची अजून कोरीच आहे.
वाख्तांगच्या मागे लिहिलं:
एक्के विचारू नयेत.
थांबला, तर घाई करू नये.
मोजतोय.